सुट्टीत प्रवाळ मोजायला जाण्याआधी

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ तिओमान नावाचं बेट आहे. मर्सिंगच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं तिथे जाता येतं. १९९४ पासून बेटाभोवतीचं पाणी सागरी उद्यान म्हणून संरक्षित आहे. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरला की डाइव्हर येऊ लागतात. त्यांतल्या काहींच्या हातात कॅमेऱ्याऐवजी प्लॅस्टिकची पाटी आणि पेन्सिल असते. सुट्टी स्वतःची, खर्च स्वतःचा, आणि काम प्रवाळांच्या मोजणीचं. ‘रीफ चेक’ या संस्थेच्या पद्धतीनं हे स्वयंसेवक नोंदी करतात. मालदीव, इंडोनेशिया, कॅरिबियन बेटं अशा अनेक ठिकाणी हे काम चालतं. मालवणला एकदा पाण्याखाली जाऊन आलेल्या कितीतरी जणांना याची ओढ वाटते. ती वाटावी असंच हे काम आहे. पण त्याबद्दलचे समज इतके चुकीचे आहेत, की उत्साहानं गेलेला माणूस तिथे जाऊन हिरमुसतो, किंवा नकळत प्रवाळाचंच नुकसान करून येतो.

गैरसमज : तारकर्लीला स्कूबा केलंय, म्हणजे हे जमेल.

तारकर्ली-मालवणला पर्यटक जे करतात तो बहुतेकदा अनुभवापुरता डाइव्ह असतो. प्रशिक्षक पाठीमागून धरून नेतो, हवेचा आणि खोलीचा सगळा हिशेब तोच सांभाळतो, पोहता न येणारा माणूसही खाली जाऊन येतो. यातून पात्रता मिळत नाही. मोजणीच्या सहलीसाठी निदान ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र लागतं, काही ठिकाणी त्याच्या पुढचं ‘ॲडव्हान्स्ड’ही मागतात. ओपन वॉटरसाठी दोनशे मीटर पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. त्यानंतर अठरा मीटरपर्यंत जाण्याची परवानगी मिळते.

प्रमाणपत्राहूनही महत्त्वाचा आहे तो तोल. पाण्यात ना वर ना खाली, एका पातळीवर स्थिर राहता आलं पाहिजे, आणि तेही पाटीवर लिहिताना. नजर कागदावर गेली की नवखा डाइव्हर हळूहळू खाली सरकतो आणि त्याच्या पायातले फिन्स प्रवाळावर आपटतात. फांद्यांसारखी वाढणारी प्रवाळं वर्षाला दहा-पंधरा सेंटिमीटर वाढू शकतात, पण गोलसर, भरीव प्रवाळांची वाढ वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच असते. म्हणजे एका लाथेनं मोडलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून तोल जमल्याशिवाय कोणालाही पाटी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चांगले आयोजक देतही नाहीत.

गैरसमज : हौशी माणसांनी केलेल्या नोंदी शास्त्रज्ञ कशाला वापरतील?

पद्धत कशी आहे ते पाहिलं की ही शंका बरीचशी मिटते. समुद्रतळावर एकाच खोलीवर शंभर मीटरची मोजपट्टी अंथरतात. तिचे वीस-वीस मीटरचे चार भाग धरतात, आणि प्रत्येक दोन भागांमध्ये पाच मीटर जागा सोडतात. पट्टी टाकल्यावर घाबरलेले मासे परत यावेत म्हणून काही वेळ थांबतात. मग पहिली जोडी मासे मोजत जाते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, म्हणजे पाच मीटर रुंदीचा पट्टा त्यांचा. त्यातही सगळे मासे मोजायचे नसतात. फुलपाखरू मासे, स्नॅपर, तीस सेंटिमीटरहून मोठे ग्रूपर, नेपोलियन रास असे ठरलेले मोजकेच मासे मोजायचे. ते निवडण्यामागे कारण आहे. मासेमारीचा ताण वाढला की आधी हेच कमी होतात. मागून येणारी जोडी शेवंडं, समुद्रकाकड्या, लांब काट्यांचे सागरी साळिंदर, राक्षसी शिंपले यांची मोजणी करते.

सगळ्यात शेवटी येतं तळाचं काम, आणि मला ते सगळ्यात सुंदर वाटतं. दोरीला नटबोल्टसारखं काहीतरी जड बांधून केलेला ओळंबा दर अर्ध्या मीटरवर सोडायचा, आणि तो ज्याला टेकेल त्याची नोंद करायची : कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, अलीकडे मेलेलं प्रवाळ, स्पंज, खडक, चुरा, वाळू, गाळ. एका भागात चाळीस बिंदू, चार भागांत मिळून एकशे साठ. इथे डोळ्यांनी अंदाज करायला वाव नाही. ‘बाजूला किती छान प्रवाळ आहे’ म्हणून ते लिहिता येत नाही. ओळंबा वाळूवर पडला तर वाळूच लिहायची.

पाण्यात उतरण्याआधी वर्ग घेतात, चित्रांवरून आणि नंतर प्रत्यक्ष पाण्यात ओळख तपासतात. ती जमली नाही तर त्या माणसाच्या नोंदी धरल्या जात नाहीत. १९९७ च्या उन्हाळ्यात याच पद्धतीची पहिली जागतिक पाहणी झाली. शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली हौशी डाइव्हरांनी ३१ देश-प्रदेशांतली तीनशेहून अधिक प्रवाळस्थळं तपासली. माणसाचा हात न लागलेली प्रवाळं फारच थोडी उरली आहेत, दूरच्या बेटांवरही, हा तिचा निष्कर्ष १९९९ मध्ये समुद्रप्रदूषणावरच्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला.

मर्यादाही आहेत, त्या लपवू नयेत. हौशी माणूस प्रवाळाची जात ओळखू शकत नाही, रोगांचं निदान करू शकत नाही. ती अपेक्षाही नसते. पद्धत मुद्दाम सोपी ठेवली आहे, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या वर्षांतल्या नोंदी शेजारी ठेवून पाहता येतात.

गैरसमज : काही दिसलं नाही, म्हणजे डाइव्ह वाया गेला.

सुट्टीवर गेलेल्या माणसाला हे पटवणं सगळ्यात अवघड असतं. नेपोलियन रास शून्य. ग्रूपर शून्य. शेवंड शून्य. तासभर पाण्यात राहून वर आल्यावर पाटीवर नुसती शून्यं असतात आणि चेहरा पडतो. पण ते शून्य हीच बातमी आहे. १९९७ च्या त्या पाहणीत बहुसंख्य ठिकाणी एकही शेवंड सापडली नव्हती. शून्य लिहिणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं म्हणून अतिमासेमारीचं चित्र समोर आलं. पट्ट्याबाहेर दिसलेला मोठा मासा ‘जवळच तर होता’ म्हणून आत ओढणाऱ्या स्वयंसेवकापेक्षा शून्य लिहून गप्प बसणारा शंभरपटीनं उपयोगी.

तीच ती जागा पुन्हा पुन्हा पाहणंही याच कारणासाठी. लक्षद्वीपमध्ये १९९८ पासून त्याच त्या प्रवाळांवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय संशोधकांना चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आल्याचं दिसलं. हे काम हौशी डाइव्हरांचं नव्हे, व्यावसायिक संशोधकांचं. पण एकदाच पाहून गेलेल्याला, तो कितीही तज्ज्ञ असो, ही घसरण कळली नसती.

गैरसमज : पांढरं पडलेलं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, आणि त्याला लागणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा वाटा तीच पुरवतात. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंशभर जरी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ ही शैवालं बाहेर टाकतो. रंग जातो आणि आतला चुन्याचा सांगाडा पारदर्शक मांसातून पांढरा दिसू लागतो. या अवस्थेत तो जिवंत असतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवळलं तर सावरतो.

म्हणून नोंद करणाऱ्याला बारकाईनं पाहावं लागतं. सांगाड्यावर अजून मांसाचा पातळ थर आहे का? असेल तर ते ‘कठीण प्रवाळ’ आणि सोबत ‘रंग उडालेलं’. मांस नाही, सांगाड्याची नक्षी स्पष्ट आहे आणि त्यावर शेवाळाची नुसती लव चढते आहे, तर ‘अलीकडे मेलेलं’. हा फरक चुकला तर अहवालात जिवंत प्रवाळ मेलेलं ठरतं. ज्यांना स्कूबा येत नाही त्यांनाही इथे काम आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातून सुरू झालेल्या ‘कोरलवॉच’चं रंगांचं कार्ड नुसतं स्नॉर्केल लावूनही प्रवाळाशेजारी धरता येतं. सगळ्यात फिका आणि सगळ्यात गडद रंग जुळवून लिहायचा, एवढंच.

गैरसमज : अंगठीतलं पोवळं आणि आपण मोजतो ते प्रवाळ एकच.

अंगठीतलं लाल पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातलं, जास्त खोलीवर, अंधाऱ्या जागी वाढणारं. ते प्रवाळभित्ती बांधत नाही.

गैरसमज : सेवा करायला जातोय, मग पैसे कशाला?

बोट, इंधन, हवेच्या टाक्या, प्रशिक्षक, विमा, जेवणखाण यांचा खर्च कोणीतरी करतोच. अनेक ठिकाणी स्वयंसेवकाच्या शुल्कातूनच पाहणीचा खर्च निघतो. पैसे मागितले म्हणून संशय घेऊ नये. त्यातले किती स्थानिक माणसांच्या प्रशिक्षणावर जातात, हे मात्र जरूर विचारावं. पाहुणे आठवडाभरानं निघून जातात, बेटावरचे लोक तिथेच राहतात. तिओमानवर बेटावरच्याच रहिवाशांना मोजणीचं आणि देखरेखीचं प्रशिक्षण देण्यावर भर आहे, तो याचसाठी.

गैरसमज : मोजून काय होणार? प्रवाळ लावणं हेच खरं काम.

प्रवाळाचा तुकडा लोखंडी चौकटीला बांधतानाचा फोटो छान येतो, आणि म्हणून अशा सहली पटकन खपतात. काही ठिकाणी, विशेषतः बोटीनं किंवा नांगरानं मोडलेल्या जागी, लावणीचा उपयोग होतो. पण पाणीच तापलं तर लावलेलं प्रवाळही तग धरत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाजवळ समुद्र इतका तापला, की वर्षानुवर्षं जोपासलेली प्रवाळं मेली आणि रोपवाटिकांतली उरलीसुरली प्रवाळं घाईघाईनं जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली.

भारतात तर कायदाही लक्षात ठेवायला हवा. प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीनं. तोडणं, उचलणं, वाळूत पडलेला तुकडा आठवण म्हणून घरी आणणं, सगळं गुन्ह्यात मोडतं. लावणीसाठीही वनखात्याची परवानगी लागते. कोणी ‘चला, दोन दिवसांत प्रवाळ लावू’ म्हणालं, तर आधी परवानगीचा कागद मागा.

गैरसमज : आपण मोजलं की प्रवाळ वाचतं.

हा सगळ्यात गोड समज, म्हणून मोडताना वाईट वाटतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरात चौथ्यांदा प्रवाळांचा रंग उडाल्याचं जाहीर झालं. याचं मूळ तापणाऱ्या समुद्रात आहे, आणि ते कोणत्याही पाटी-पेन्सिलीनं थांबत नाही. विमानानं परदेशी जाऊन मोजणी करणाऱ्यानं हेही मनात ठेवावं, की त्याच्या प्रवासाचाही त्या तापण्यात वाटा आहे.

पण उष्णतेशी झुंजणाऱ्या प्रवाळावरचा बाकीचा ताण कमी करता येतो, आणि कुठे, कधी, कसा, हे नोंदींवरून कळतं. २०१० च्या जुलैमध्ये मलेशियानं तिओमान, रेडांग अशा बेटांभोवतीच्या डझनभर डाइव्हिंगच्या जागा काही महिन्यांसाठी बंद केल्या. रंग उडालेल्या प्रवाळांना निदान फिन्सचा आणि ढवळलेल्या गाळाचा त्रास होऊ नये म्हणून. पर्यटनावर जगणाऱ्या बेटांसाठी हा सोपा निर्णय नव्हता.

आपल्या दारातही प्रवाळ आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या समुद्राखालच्या उंचवट्यावरही प्रवाळं आहेत. मालवणला जाल तेव्हा मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकणाऱ्याला नको म्हणा, खडकाला हात लावू नका, सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सूट घाला. आणि मोजणीच्या सहलीला जायचंच असेल, तर पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा : नोंदी कुठे जमा होतात आणि त्या कोणाला पाहता येतात? हीच जागा गेल्या वर्षी मोजली होती का? पुढच्या वर्षी कोण मोजणार? स्थानिक माणसांपैकी किती जण शिकून तयार झालेत? सरळ उत्तरं मिळाली तर खुशाल जा. टाळाटाळ झाली, तर ते पैसे ओपन वॉटरच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवा.