जुना कॅमेरा विकायचाय? रास्त भाव असा ठरवा

लग्नाच्या शूटिंगवर चूल पेटणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. एक बॉडी, दोन-तीन लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, बॅटऱ्यांनी भरलेली बॅग आणि निकाहच्या सीझनमध्ये रात्री दोनपर्यंतचं काम. या घरांत कॅमेरा विकायची वेळही येते. कुणी डीएसएलआर सोडून मिररलेस घेतो, कुणी आखातात नोकरीला जातो. कुठे आजारपण निघतं, तर कुठे कॅमेरा चालवणारा माणूसच राहत नाही. अशा वेळी घरातल्यांपुढे पहिला प्रश्न असतो, "याचे किती मागायचे?" आणि बहुतेक वेळा उत्तर देतो तो पहिला गिऱ्हाईक.

दोन चुका सारख्या दिसतात. एक म्हणजे बिलावरचा आकडा धरून बसायचं: "अडीच लाखांचा कॅमेरा आहे, निम्मे तरी येतीलच." दुसरी याच्या उलट, कंटाळून किंवा अडचणीत येऊन सगळी बॅग एका आकड्यात देऊन टाकायची. पहिल्या चुकीत माल महिनोन्महिने पडून राहतो. दुसऱ्या चुकीत घराचं थेट नुकसान होतं, आणि ते झालंय हे कळतही नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की भाव एकेका वस्तूचा काढा, आजच्या बाजारावरून काढा आणि मालातला दोष किमतीत धरून तो उघड सांगा.

बिलावरची किंमत विसरा

कॅननचा ५डी मार्क ४ हा कॅमेरा २०१६ मध्ये आला, तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत अडीच लाखांच्या घरात होती. तो आजही उत्तम फोटो काढतो. पण २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन या दोघांनी फुल फ्रेम मिररलेस कॅमेरे बाजारात आणले आणि धंद्यातली मागणी हळूहळू तिकडे सरकली. जुन्या कॅमेऱ्याचा भाव त्याच्या गुणापेक्षा या मागणीवर ठरतो. तुम्ही घेताना काय दिलं, हप्ते किती भरले, याच्याशी घेणाऱ्याला देणंघेणं नसतं. स्टुडिओच्या हिशेबात सीए दरवर्षी घसारा कापून जी किंमत दाखवतो तीही बाजारभाव नव्हे. तो करासाठीचा आकडा आहे.

मग आजचा भाव कुठून काढायचा? त्याच मॉडेलची, किंवा त्याच्या जागी घेता येईल अशा नव्या कॅमेऱ्याची आजची दुकानातली किंमत बघा. ती झाली वरची मर्यादा. त्याच्या अगदी जवळ जाऊन कुणी जुना माल घेणार नाही. खालची मर्यादा म्हणजे जुन्या मालाचा व्यापारी रोख देऊन घ्यायला तयार असतो तो आकडा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत. तिथे किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात एकाच मॉडेलबद्दल दोनदा विचारा, एकदा विकणारा म्हणून आणि एकदा घेणारा म्हणून. दोन्ही आकड्यांतलं अंतर पाहून डोळे उघडतात. त्यात व्यापाऱ्याने लुबाडलं असं लगेच समजू नका. त्याला दुकानाचं भाडं आहे, त्याचा पैसा अडकतो, आणि तो गिऱ्हाइकाला तपासणीची किंवा काही दिवसांची हमी देतो. फक्त ते अंतर किती आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं.

खरा भाव या दोन मर्यादांच्या मध्ये असतो: एका फोटोग्राफरने दुसऱ्याला ज्या भावात माल दिला तो. ऑनलाइन जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव आहे, मिळालेला नव्हे. दोन महिने तीच जाहिरात दिसत असेल तर तो भाव नाही, एवढं नक्की. शूटिंगवाल्यांच्या ग्रुपमध्ये सरळ विचारा, "कितीला गेला?" तीन-चार जणांनी सांगितलं की अंदाज येतो.

बॉडी: शटर काउंट आणि त्यापलीकडे

गाडीचं किलोमीटर तसं कॅमेऱ्याचं शटर काउंट. कंपन्या शटर किती क्लिकपर्यंत तपासलंय ते सांगतात. ५डी मार्क ४ आणि निकॉन डी७५० साठी तो आकडा १,५०,००० आहे, कॅनन ६डी मार्क २ साठी १,००,०००, सोनी ए७ थ्री साठी २,००,०००. याचा अर्थ त्या आकड्याला कॅमेरा बंद पडतो असा नाही. काही शटर आधी जातात, काही बरेच पुढे चालतात. पण आकडा जवळ आला की घेणारा मनात नव्या शटरचा खर्च धरतो आणि ते वाजवी आहे. म्हणून सर्व्हिस सेंटरला शटर बदलण्याचा खर्च विचारून ठेवा. कापायचं असेल तर त्या आकड्यावरून कापा, समोरच्याने हवेत सांगितलेल्या वीस हजारांवरून नको.

निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हा आकडा प्रत्येक फोटोच्या माहितीत नोंदला जातो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो फोटोत नसतो, कॅमेरा केबलने जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो.

एक गोष्ट मात्र शटर काउंट सांगत नाही. व्हिडिओ. चार वर्षं फक्त वलीम्याचे व्हिडिओ शूट केलेल्या मिररलेसचं शटर काउंट दहा हजारही नसेल, पण सेन्सर तासन् तास तापलेला असतो आणि केबल लावून काढून एचडीएमआयचं तोंड ढिलं झालेलं असतं. "काउंट कमी आहे" एवढंच सांगून नव्यासारखा भाव मागणं आम्हाला बरोबर वाटत नाही. कॅमेरा भाड्याने फिरलेला असेल तर तेही सांगावं.

लेन्स: इथे खरा पैसा आहे

बॉडीचा भाव पडतो तसा चांगल्या लेन्सचा पडत नाही. २४-७० एफ २.८ किंवा ७०-२०० एफ २.८ दहा वर्षांनीही कामाची असते. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आर मालिकेच्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकससह चालतात, म्हणून त्यांना अजून गिऱ्हाईक आहे. निकॉनवाल्यांनी जरा बघून घ्यावं. मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस एफटीझेड अडॅप्टर लावूनही झेड कॅमेऱ्यावर चालत नाही, त्यामुळे मिररलेस घेतलेला माणूस अशा लेन्सला कमीच देणार.

कोकणातल्या घरांसाठी मोठी अडचण म्हणजे फंगस. महाड, खेड, रत्नागिरीकडे पावसाचे चार महिने लेन्स बॅगेत बंद राहिली की काचेच्या आत बुरशी धरते. लेन्सला साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, पण आपल्याकडे आषाढात घरातली हवाही त्याच्या कितीतरी वर असते. तपासणी सोपी आहे. दोन्ही टोप्या काढा, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की समजा फंगस आहे. धुळीचे चार कण मात्र प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात. त्यासाठी भाव पाडून देऊ नका.

फंगस कडेला आणि हलका असेल तर साफ होतो. तेव्हा सफाईचा खर्च आणि थोडी जोखीम, एवढंच कापणं रास्त. तो जुना असेल तर काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असतं आणि सफाईनंतरही डाग राहतो. मग भाव बराच खाली येतो, त्याला इलाज नाही. विकण्याआधी स्वतः लेन्स उघडायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या काचेवरची बारीक चर फोटोत सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरची दिसू शकते, म्हणून दोन्हींसाठी सारखी कपात होत नाही.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. ओरिजिनल बॅटरी आणि चार्जर हवेतच, नसतील तर घेणारा नव्याचे पैसे कापणार. फुगलेली बॅटरी देऊच नका. बॅग, फिल्टर, पट्टा यांचे वेगळे पैसे मिळत नाहीत, ते सोबत दिले की व्यवहार लवकर जुळतो. बिल आणि खोक्याने मात्र भावात फरक पडतो. बिल नसलं की माल चोरीचा तर नाही ना, ही शंका येते. परदेशातून आणलेला, इथली वॉरंटी नसलेला कॅमेरा असेल तर तसं आधीच सांगा.

एका बॅगेचा हिशेब

खालचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतलेत, आजचे भाव म्हणून नव्हे. समजा, एका घराला सगळ्या बॅगेचे १,१०,००० रुपये सांगितले गेले. आता वेगवेगळं बघू. तशीच चांगली बॉडी ७०,०००ला जाते. शटर १,५०,००० पैकी १,३८,००० झालंय, म्हणून १०,००० कमी, उरले ६०,०००. २४-७० चा चालू भाव ५५,०००. हलक्या फंगसच्या सफाईचे ४,००० आणि जोखमीचे ६,००० वजा, म्हणजे ४५,०००. ७०-२०० स्वच्छ आहे, ६०,०००. ट्रायपॉड कॉलर हरवलीय, ५७,०००. फ्लॅश आणि दोन बॅटऱ्या ९,०००. बेरीज १,७१,०००.

फरक ६१,००० रुपयांचा. कुणी सगळं एकदम उचलणार असेल तर तुमचा वेळ आणि खटपट वाचते, त्यासाठी थोडं कमी करायला हरकत नाही. पण ते किती कमी, हे तुम्ही ठरवाल. जाहिरातीत घासाघिशीसाठी थोडी जागा ठेवा, आणि याच्या खाली जायचं नाही असा आकडा कागदावर लिहून घरात ठेवा. दोष जाहिरातीतच लिहा. धान्याच्या ढिगाखाली लपवलेल्या ओल्या दाण्यांची हदीस आपल्याला माहीत आहे. फंगसची लेन्स उजेडात न दाखवणं याहून वेगळं नाही. व्यवहारातही त्याचा फायदाच होतो. दोष आधी सांगितलेला असला की घरी येऊन "हे काय निघालं" म्हणत आणखी दहा हजार पाडायला जागा राहत नाही.

वेळेचंही गणित आहे. दिवाळीच्या तोंडावर आणि रमजान ईदनंतरच्या लग्नांआधी शूटिंगवाले सामान शोधत असतात, पावसाळ्यात गिऱ्हाईक रोडावतं. थांबता येत असेल तर महिना-दोन महिने थांबा. वर्षभर थांबण्यात मात्र काही मिळत नाही, तेवढ्यात मॉडेल आणखी जुनं होतं.

घरातच कॅमेरा ठेवायचा असेल तर

हा भाग नाजूक आहे, पण बोलायला हवा. फोटोग्राफरचा इंतकाल झाला की कॅमेरा बऱ्याचदा स्टुडिओत हात देणारा भाऊ ठेवून घेतो. "घरातलीच वस्तू आहे," असं म्हटलं जातं आणि विषय संपतो. पण कॅमेरा हा तरक्याचा भाग आहे. त्यातून आधी कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज जातं. कर्ज म्हणजे फक्त बँकेचा हप्ता नव्हे. पुढच्या लग्नांसाठी घेतलेला अॅडव्हान्स गिऱ्हाइकांचा आहे, आणि बायकोचा मेहेर दिला नसेल तर तोही कर्जच. वसियत असेल तर ती एक तृतीयांशापर्यंत. मग वाटण्या. मुलंबाळं असतील तर बायकोचा आठवा हिस्सा, आणि मरहूमचा मुलगा हयात असेल तर भावाचा हिस्सा नसतोच.

म्हणजे वरच्या हिशेबातली बॅग चाचांनी तशीच ठेवली तर १,७१,००० रुपये भावजय आणि पुतण्यांच्या वाट्यातून गेले. चाचांची नियत वाईट असते असं नाही, वस्तूला भावच काढलेला नसतो. म्हणून भाव काढा, तोही ज्याचा त्यात काही फायदा नाही अशा बाहेरच्या फोटोग्राफरकडून, आजच्या बाजाराने. चाचांना कॅमेरा हवा असेल तर त्यांनी त्या भावाने घ्यावा, हप्त्याने दिला तरी चालेल, पण लिहून. कोणाचा हिस्सा किती, हे मुफ्तींकडून किंवा वकिलाकडून लिहून घ्यावं.

हातात देताना

स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल आणि कॅमेरा घेताना इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर विकतानाही जीएसटी लागतो. भाव बोलण्याआधी सीएला विचारा. पैसे यूपीआयने येणार असतील तर लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणारा फसवतोय. नुसता स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, खात्यात रक्कम आलेली बघा.

मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क किमतीत धरूच नका. फॉरमॅट केलेल्या कार्डातून जुने फोटो परत काढता येतात, आणि त्यांत आपल्यावर विश्वास टाकलेल्या घरांतल्या आयाबहिणींचे मेहंदी-हळदीचे फोटो असतात. कार्डाचे हजार-दोन हजार सोडून द्या. हार्ड डिस्कमधलं ज्यांचं काम द्यायचं राहिलंय त्यांना ते पोहोचवा. शेवटी साधी पावती करा: मॉडेल, बॉडी आणि लेन्सचा सीरियल नंबर, त्या दिवशीचं शटर काउंट, सांगितलेले दोष, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. एक प्रत तुमच्याकडे ठेवा.