वादळाच्या ऋतूतील सागरतळाची सफर

प्रवासाच्या हौसेला हल्ली भूपृष्ठ अपुरे पडू लागले आहे. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या तळाशी उतरावे, तेथील प्रवाळांची उपवने व नाना रंगांचे मासे डोळे भरून पाहावेत, ही आवड आता आपल्या मध्यम स्थितीच्या घरांतील तरुणांतही रुजली आहे. मालवणास अथवा अंदमानास या विद्येचा श्रीगणेशा करून पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेस गेलेल्या मुलामुलींची दृष्टी साहजिकच जवळच्या कॅरिबियन समुद्राकडे वळते. त्या समुद्राचे एक वैशिष्ट्य मात्र घरातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच. तेथील स्वस्ताईचे दिवस आणि वादळाचे दिवस बहुतांशी एकच आहेत.

अटलांटिक महासागरातील वादळांचा ऋतू १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत मानला जातो व सप्टेंबरच्या १० तारखेच्या सुमारास त्याचा जोर सर्वाधिक असतो. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक तापले म्हणजे या वादळांना इंधन मिळते. येथेच मोहाचे मूळ आहे. जे ऊबदार पाणी बुडी मारणाऱ्यास सुखावते तेच वादळासही पोसते. शिवाय पाहुण्यांची गर्दी ओसरल्यामुळे निवासाचे दर उतरतात. तेथे या वादळास ‘हरिकेन’ म्हणतात. आपल्याकडे त्यालाच ‘सायक्लोन’ म्हणतात. हा दुसरा शब्द कलकत्त्यास राहून वादळांचा अभ्यास करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी घडविला व १८४८ सालच्या आपल्या ग्रंथातून रूढ केला. सापाचे वेटोळे हा त्यामागील ग्रीक अर्थ. नावे दोन, परंतु वस्तू एकच.

कोकण किनाऱ्यावर हा प्रश्न निसर्गानेच सोडविला आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ. त्यामुळे मालवणातील पाणबुडीच्या सफरी बंद असतात, आणि नारळी पौर्णिमेस सागराला श्रीफळ अर्पण केल्यावाचून कोळी बांधव नव्या हंगामास आरंभ करीत नाहीत. कॅरिबियन समुद्राची गोष्ट निराळी. तेथे वादळाच्या ऋतूतही बहुतेक दिवस आकाश निरभ्र, वारा मंद व पाणी स्फटिकासारखे असते. कित्येक बेटांवर वर्षानुवर्षे काहीच घडत नाही. आणि मग एखाद्या आठवड्यात सर्व काही घडते. म्हणून तेथे समुद्राने केव्हा नको म्हटले हे माणसाला आपल्या बुद्धीनेच ओळखावे लागते.

पहिला विचार स्थळाचा. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत अरुबा, बोनेर व क्युरासाव ही तीन बेटे आहेत. पूर्वेकडून येणारी वादळे पश्चिमेस व वायव्येस सरकत जातात, त्यामुळे ती सहसा या बेटांच्या उत्तरेकडून निघून जातात. वादळाच्या ऋतूत जाणारे अनुभवी लोक याच कारणाने बोनेरला पसंती देतात. तथापि केवळ नकाशावरील अक्षांश पाहून निश्चिंत होता येत नाही. ग्रेनाडा हे बेट जवळजवळ त्याच अक्षांशावर, परंतु बरेच पूर्वेस आहे. २००४ साली ‘आयव्हन’ वादळाने त्याची दैना केली. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ वादळ त्याच देशातील करियाकू बेटावर कोसळले, आणि ऋतूचा भर येण्यास तेव्हा दोन महिन्यांहून अधिक अवकाश होता. खुद्द बोनेरलाही १९९९ च्या नोव्हेंबरात धक्का बसला. ‘लेनी’ नावाचे वादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे चालले होते. ते बेटाच्या बऱ्याच उत्तरेकडून गेले, तरी त्याच्या लाटा बेटाच्या एरवी शांत असणाऱ्या पश्चिम बाजूवर आपटल्या व तेथील उथळ पाण्यातील प्रवाळांची मोडतोड झाली. तात्पर्य, अशा ठिकाणी धोका कमी असतो, परंतु शून्य नसतो.

दुसरा विचार काळाचा, आणि तो साध्या अंकगणिताचा आहे. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन वायू शरीरात विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडताच जसे बुडबुडे उसळतात, तद्वत् बाहेरचा दाब एकाएकी घटला तर हा वायू रक्तात व सांध्यांत बुडबुड्यांच्या रूपाने प्रकट होतो व मनुष्य पंगू होऊ शकतो, प्रसंगी प्राणासही मुकतो. विमानात हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. यास्तव अनेक बुड्या मारल्या असल्यास शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा या विषयातील तज्ज्ञांचा दंडक आहे. कित्येक जण पुरते २४ तास थांबतात.

आता वादळाच्या सूचनांकडे पाहू. मायामीतील अमेरिकन वादळ केंद्र अंदाज वर्तविते व त्याच्या आधारे त्या त्या बेटाचे सरकार इशारे देते. जोराचे वारे पोहोचण्याच्या सुमारे ४८ तास आधी पहिली सावधगिरीची सूचना व सुमारे ३६ तास आधी पक्का इशारा, असा क्रम असतो. समजा, पक्का इशारा मिळाला त्याच क्षणी आपला तरुण पाण्याबाहेर आला. ३६ तासांतून १८ वजा जाता त्याच्या हाती उरले १८ तास. परंतु वारे पोहोचण्यापूर्वीच विमाने बंद होतात, आणि जी सुटतात त्यांतील जागांसाठी सारे बेट धाव घेते. म्हणजे प्रत्यक्षात हाती फारसे काहीच उरत नाही. यावरून नियम निघतो तो असा: पुढील पाच दिवसांच्या अंदाजित मार्गात आपले बेट आले, अथवा त्याच्या कडेस आले, की बुड्या थांबवाव्यात व परतीचे तिकीट बदलावे. इशाऱ्याची वाट पाहत बसू नये.

या नियमाची किंमत किती, हे बेलीझ देशातील एका घटनेवरून कळते. ८ ऑक्टोबर २००१ रोजी ‘आयरिस’ हे लहान परंतु अत्यंत तीव्र वादळ दक्षिण बेलीझवर धडकले. प्रवाशांनी राहावे व तेथूनच बुड्या माराव्यात अशा सोयीची ‘वेव्ह डान्सर’ नावाची नौका बिग क्रीक येथील धक्क्याला दोरांनी बांधून ठेवली होती आणि माणसे नौकेतच होती. वाऱ्याच्या तडाख्यात ती उलटली. २० जणांचा अंत झाला. त्यांत १७ जण व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहराहून एकत्र सहलीस आलेले पाणबुडे होते. त्या वेळी कोणीही बुडी मारीत नव्हते. सर्व जण किनाऱ्याला लागलेल्या नौकेत, सुरक्षित स्थळी आहोत अशा समजुतीने बसले होते. वादळात नौका म्हणजे आश्रय नव्हे. पक्की इमारत, तीही समुद्रापासून दूर व उंचावर, हाच आश्रय; आणि वेळेवर सुटलेले विमान त्याहून बरे.

ही समज नवी नाही. १५०२ साली कोलंबसाने आकाशाची व समुद्राची लक्षणे पाहून सांतो दोमिंगो येथील अधिकाऱ्यास वादळाची सूचना दिली व स्पेनला निघालेला काफिला थांबविण्यास सांगितले. अधिकाऱ्याने ते मानले नाही. सुमारे ३० जहाजांच्या त्या काफिल्यापैकी बहुतेक जहाजे बुडाली. आडोशाला गेलेली कोलंबसाची चारही जहाजे वाचली. तेव्हा उपग्रह नव्हते. आज ते आहेत, सूचनाही दिवसागणिक मिळतात. परंतु ऐकणे वा न ऐकणे अद्याप माणसाच्याच हाती आहे.

मग माणसे का ऐकत नाहीत? आमच्या मते बहुधा पैशामुळे. वर्षभर साठविलेला पैसा भरलेला असतो, रजा मुश्किलीने मिळालेली असते, आणि ‘आणखी एकच दिवस पाहू’ असे मन म्हणू लागते. यावर उपाय प्रस्थानापूर्वीच केला पाहिजे. तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्यावे. विमा बेत ठरताच उतरवावा, कारण वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळाची भरपाई सहसा देत नाही. मुक्कामाचा पत्ता व परतीचा दिवस घरी लिहून ठेवावा.

याहून मोठी गोष्ट घरच्यांच्या हाती आहे. मुलगा वा मुलगी निघण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसाने स्पष्ट शब्दांत सांगावे, की अंदाज बिघडला तर त्याच दिवशी परत फिरा, खर्चाचा हिशेब आम्ही विचारणार नाही. आपल्या घरांतून पै-पैची शिस्त मुलांच्या अंगी बाणविलेली असते, आणि ती योग्यच आहे. पण दूरदेशी संकटाच्या वेळी तीच शिस्त पायातील बेडी ठरण्याचा संभव असतो. ती सोडविण्याचा अधिकार ज्यांनी ती लावली त्यांचाच आहे, आणि तो त्यांनी मुलांच्या प्रस्थानापूर्वीच बजावावा.