लोकगीतांस विजेच्या वाद्यांचा साज

जुन्या लोकगीतांस विजेवर चालणाऱ्या वाद्यांची जोड दिली म्हणजे त्यांचें सत्त्व नष्ट होतें, असा आक्षेप वडील मंडळींकडून वारंवार ऐकूं येतो. जें गीत पिढ्यान्‌पिढ्या केवळ कंठाच्या बळावर टिकलें, त्यास रॉक संगीताचा गोंगाट कशाला, असें त्यांचें म्हणणें. परंतु निर्णय देण्यापूर्वीं एखादें उदाहरण नीट तपासावें, हें बरें. इंग्लंडांतील 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या वाद्यवृंदाची 'लीज अँड लीफ' ही १९६९ सालच्या डिसेंबरांत निघालेली ध्वनिमुद्रिका असें उदाहरण होय.

तिच्या जन्मामागें एक दुःखद कथा आहे. या वृंदांतील मंडळी विशीच्या आसपासची होती. १२ मे १९६९ रोजीं बर्मिंगहॅम येथील जलसा आटोपून लंडनला परततांना त्यांची गाडी महामार्गावर उलटली. अवघ्या एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लँबल आणि गिटारवादक रिचर्ड थॉम्पसन याची मैत्रीण जीनी फ्रँकलिन हीं दोघें त्यांत मृत्यु पावलीं. वृंद टिकेल कीं नाहीं, हाच प्रश्न होता. अशा वेळीं त्या तरुणांनीं जुन्या गीतांचा आश्रय केला. हँपशायर परगण्यांतील फार्ली चेंबरलेन या खेड्यांत एक मोठें घर भाड्यानें घेऊन त्यांनीं अभ्यास आरंभिला. अ‍ॅशली हचिंग्ज यानें लंडनच्या सेसिल शार्प भवनांत गीतांचे निरनिराळे पाठ धुंडाळले. डेव्ह स्वॉरब्रिक हा परंपरेंत मुरलेला व्हायोलिनवादक आणि डेव्ह मॅटॅक्स हा नवा ड्रमवादक वृंदास येऊन मिळाले. गायिका होती सँडी डेनी.

मुद्रिकेंत आठ रचना आहेत. त्यांपैकीं पांच परंपरागत व तीन नव्या. 'मॅटी ग्रोव्हज' या कथागीतांत एका सरदाराची पत्नी एका सामान्य तरुणावर अनुरक्त होते. सरदार दोघांचाहि वध करितो आणि दोघांस एकाच खड्ड्यांत पुरण्याची आज्ञा देतांनाहि, कुलीन म्हणून पत्नीस वर ठेवण्यास सांगतो! कथा संपली तरी वादन थांबत नाहीं. व्हायोलिन व गिटार यांचा झगडा कितीतरी वेळ चालूं राहतो. 'टॅम लिन' हें स्कॉटलंडचें गीत. पऱ्यांच्या राणीनें बंदी केलेल्या पुरुषास जॅनेट नांवाची मुलगी सोडविते. तो तिच्या हातांत नाना भयंकर रूपें धारण करितो, तरी ती मिठी सोडीत नाहीं. येथें गिटारचे तुटक, जड आघात कानीं पडतात, तेव्हां त्या रात्रीचें भय अंगावर येतें.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. सेसिल शार्प यानें १९०३ सालीं सॉमरसेट परगण्यांत एका माळ्याच्या तोंडून एक गीत ऐकलें, व पुढें हजारों गीतें टिपून ठेविलीं. त्याचे उपकार थोर आहेत. परंतु छापतांना त्या गीतांस पियानोची सौम्य साथ मिळाली आणि अशिष्ट वाटणारे शब्द गाळले अथवा बदलले गेले. शाळेंत व दिवाणखान्यांत शोभावीं म्हणून गीतें सोज्ज्वळ झालीं. त्यांतील रक्त, सूड व भय मागें पडलें. तेव्हां पियानो हीहि बाहेरचीच जोड होती. ती कानास गोड लागली म्हणून तिच्याविषयीं फारशी तक्रार झाली नाहीं, इतकेंच. उलट या तरुणांच्या काळोख्या, जड नादानें गीतांचा मूळ दाहक स्वभाव पुन्हां प्रकट झाला. मृत्यु जवळून पाहिलेल्या मंडळींनीं मृत्यूचीं गीतें गाइलीं, म्हणून त्यांत नाटकीपणा नाहीं.

मात्र हा समतोल फार काळ टिकला नाहीं. मुद्रिका बाजारांत येण्यापूर्वींच हचिंग्ज व डेनी वेगळे झाले: त्याला परंपरेंत अधिक खोल शिरावयाचें होतें, तिला स्वतःचीं गीतें रचावयाचीं होतीं. डेनी १९७८ सालीं एकतिसाव्या वर्षीं वारली. २००६ सालीं बी.बी.सी.च्या लोकसंगीत पुरस्कारांत याच मुद्रिकेस सर्वांत प्रभावशाली ठरविण्यात आलें.

सारांश, साथ जुनी कीं नवी, ही कसोटी अपुरी आहे. गीताचा अर्थ तिनें उजळतो कीं झांकला जातो, हें पाहावें. घरांतील तरुणांनीं असें कांहीं लाविलें, तर वडिलांनीं दार लोटून घेण्यापूर्वीं एक गीत शेवटपर्यंत ऐकावें. आणि तरुणांनींहि त्यांतील कथा त्यांस समजावून सांगावी.