माळशिरसमध्ये अक्षरं किती?

माळशिरस या नावात अक्षरं किती? चौथीतलं पोर बोटांवर मोजून सांगेल: मा, ळ, शि, र, स. पाच. पायथनच्या ‘लेन’ या फंक्शनला विचारा, उत्तर येतं ७. सी भाषेतल्या ‘स्ट्रलेन’ला विचारा, बहुधा २१ येईल. ॲपलच्या स्विफ्टमध्ये ‘काउंट’ घ्या, पुन्हा ५.

नव्यानं प्रोग्रामिंग शिकणारी मुलं इथं हमखास म्हणतात, ‘संगणकाला मराठी नीट येत नाही.’ पहिला गैरसमज हाच. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण प्रत्येकानं वेगळी गोष्ट मोजली आहे.

मोबाइलवर ‘शि’ लिहा आणि खोडायचं बटण एकदाच दाबा. बहुतेक कीबोर्डांवर वेलांटी जाते, श मागे उरतो. म्हणजे आपल्या डोळ्याला एक दिसणारं अक्षर आत दोन खुणांचं आहे. युनिकोडमध्ये माळशिरस साठवलं जातं ते असं: म, काना, ळ, श, वेलांटी, र, स. सात खुणा. कागदावर वेलांटी श च्या आधी काढतो, साठवताना मात्र ती श नंतर येते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, म्हणून सात त्रिक एकवीस. पायथन खुणा मोजतं, सी बाइट मोजते, स्विफ्ट डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजते.

हा हिशेब नुसता पुस्तकी नाही. ओरॅकल या डेटाबेसमध्ये गावाच्या नावाचा रकाना २० लांबीचा ठेवला आणि मूळ मांडणी बदलली नाही, तर ते २० बाइट धरले जातात. यूटीएफ-८ मध्ये माळशिरसला २१ लागतात. गाव रकान्यात बसत नाही! मायएसक्यूएलमध्ये तोच रकाना खुणांत मोजला जातो, तिथं अडचण नाही. एसएमएसचंही तसंच: इंग्रजी संदेशाला १६० जागा, मराठी मजकूर आला की ७०.

दुसरा गैरसमज: ‘स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, उलटी करणं एका ओळीचं काम आहे.’ इंग्रजी शब्दाचं असेल. माळशिरस पायथनमध्ये उलटं केलं की पडद्यावर येतं ‘सरिशळाम’. शि ची वेलांटी र ला चिकटली, मा चा काना ळ ला. फंक्शननं सातही खुणा इमानेइतबारे उलट्या लावल्या. खुणा कुणाच्या अंगावर बसतात हे त्याच्या गावीही नाही. शब्द कापतानाही हेच होतं. पहिल्या चार खुणा मागा, ‘माळश’ मिळेल. जोडाक्षरांची आणखी गंमत आहे. श्रीपूरमध्ये आपल्याला तीन अक्षरं दिसतात, खुणा सात. डोळ्याप्रमाणे मोजण्याच्या युनिकोडच्या नियमांतही आधी ‘श्री’ दोन तुकड्यांत मोजलं जायचं, २०२३च्या १५.१ आवृत्तीत ते एक झालं.

आता माझा आवडता गैरसमज. पायथनचं ‘आरस्ट्रिप’ शेवटी लावलेला शब्द काढून टाकतं, असं भलेभले समजतात. अकलूजकरमधून ‘कर’ काढायला सांगा, अकलूज मिळतं. खूश होऊन सोलापूरकर द्या. उत्तर येतं ‘सोलापू’. वेळापूरकरचं ‘वेळापू’, नगरकरचं ‘नग’. कारण त्याला ‘कर’ हा शब्द दिसतच नाही. क आणि र या दोन खुणांची पिशवी त्याच्या हाती आहे. शेवटून यातली कुठलीही खूण दिसली की काढ, तिसरी भेटेपर्यंत थांबू नकोस, एवढंच त्याला कळतं. खरोखर प्रत्यय काढायचा असेल तर ‘रिमूव्हसफिक्स’ वापरा. ते पायथनच्या ३.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आहे. जाता जाता: एक्सेलचं ‘ट्रिम’ शब्दांमधल्या जादा मोकळ्या जागाही एकीवर आणतं, पायथनचं ‘स्ट्रिप’ फक्त दोन टोकं झाडतं. नाव सारखं वाटलं म्हणून काम सारखं धरू नये.

‘रिप्लेस’ केलं म्हणजे मूळ मजकूर बदलला, हाही समज घट्ट आहे. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, तिन्हींत स्ट्रिंग एकदा झाली की बदलत नाही. ‘ग्रामपंचायत’चं ‘नगरपंचायत’ करायला सांगितलं तर नवी स्ट्रिंग हातात येते. ती धरून ठेवली नाही तर जुनीच छापली जाते. शिवाय जावास्क्रिप्टचं साधं ‘रिप्लेस’, शोधायला नुसता शब्द दिला तर, पहिलीच जागा बदलतं, पायथनचं सगळ्या.

‘फाइंड’चं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ नसतं. माळशिरसमध्ये ‘शिरस’ शोधा, ३ येतं, कारण मोजणी शून्यापासून. ‘माळ’ शोधा, ० येतं. आणि ‘सापडलं तर’ अशी अट थेट या उत्तरावर घातली की पायथन शून्याला ‘नाही’ समजतं. न सापडल्याची खूण वजा एक आहे, ती मात्र ‘हो’ ठरते. उलटा न्याय.

नावात फक्त अक्षरं आहेत का, हे तपासायला ‘इजअल्फा’ लावणारे फॉर्म तर डोक्याला ताप आहेत. पायथन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. ‘नगर’ पास, ‘माळशिरस’ नापास. सोलापूर जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांची नावं घालून पाहा, एकही पास होत नाही. आकड्यांच्या बाबतीत मात्र हीच भाषा उदार आहे: अकलूजचा पिनकोड ४१३१०१ असा देवनागरीत दिला तरी ‘इंट’ तो मुकाट्यानं संख्या करून देतं.

‘सॉर्ट’ केलं की यादी वर्णानुक्रमे लागते, हे अर्धसत्य. शाळेच्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या शेजारी बसला आहे. त्यामुळे माने, मासाळ, माळी अशी लागायला हवी ती यादी साध्या ‘सॉर्ट’मध्ये माने, माळी, मासाळ अशी लागते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मात्र दिसण्यानं. दोन याद्या जुळवायच्या होत्या. दोन्हींत रकान्याचं नाव ‘शेतकऱ्याचे नाव’, आणि प्रोग्राम म्हणे असा रकानाच नाही. पडद्यावर दोन्ही शब्द एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. शेवटी लांबी मोजली: एकीकडे १४, दुसरीकडे १५. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि जोडणीची एक अदृश्य खूण. डोळ्याला फरक शून्य, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. मजकूर एकसारखा करून देणारं युनिकोडचं ‘नॉर्मलाइझ’ही इथं उपयोगी पडत नाही, तुलनेआधी एक रूप ठरवून दुसरं आपणच बदलून घ्यावं लागतं.

तेव्हा पुढचा प्रोग्राम ‘हॅलो’वर तपासू नका. माळशिरस, श्रीपूर आणि शेतकऱ्याचे हे तीन शब्द घाला, मग चालतो म्हणा.