दिव्यामागे दहा रुपये

मेट्रोचा जिना चढून वर येतो तोच एस्प्लनेडची हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. मे महिना, संध्याकाळचे साडेपाच, वारा नावाला नाही. आत्या माझ्यापुढे दोन पायऱ्या आहे. वय 78, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. जतीन दास पार्कला गाडीत बसल्यापासून ती बोलतेय. देशातली पहिली मेट्रो 24 ऑक्टोबर 1984ला याच बोगद्यातून धावली, एस्प्लनेड ते भवानीपूर. आणि त्या आठवड्यात इरकली नेसून, आतोबांना ओढत आणून तिने नुसत्याच दोन खेपा केल्या होत्या.

रस्ता ओलांडायला थांबतो. समोर व्हिक्टोरिया हाउस, माथ्यावर पृथ्वीचा गोळा घेऊन उभं. गोळा अजून उजळलेला नाही.

"आमची लाइट इथून येते," आत्या छत्रीने दाखवते.

खरं तर तिचा मोठा भाग हुगळीकाठच्या बजबजहून येतो, 750 मेगावॉटच्या वीजकेंद्रातून. पण तिला म्हणायचंय ते या इमारतीच्या मालकाबद्दल, शहराला वीज पुरवणाऱ्या सीईएससीबद्दल. ही कंपनी 1897 साली लंडनमध्ये नोंदली गेली, 1899च्या एप्रिलमध्ये इथून जवळच्या इमामबाग लेनमध्ये तिचं पहिलं केंद्र सुरू झालं, आणि 1902मध्ये याच एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे विजेची ट्राम निघाली. आमच्या श्रीवर्धनच्या घरात पहिला बल्ब लागला तेव्हा आत्या परकर-पोलक्यात होती. इथे तोवर विजेला म्हातारपण यायला लागलं होतं.

खिशात फोन थरथरतो. काढून बघतो तर नेमकं त्याच घराचं बिल.

"काय आलं?"

"श्रीवर्धनचं वीजबिल."

"तिथे तर कुलूप आहे!"

"म्हणून तर युनिट शून्य आहेत. स्थिर आकार मात्र आहे. शंभराच्या वर. त्यावर सोळा टक्के वीज शुल्क."

आत्या रस्त्यातच थांबते. घराच्या उताऱ्यावर तिचंही नाव आहे. मागून येणारा हमाल वळसा घालून जातो, काहीतरी पुटपुटतो. "म्हणजे आपण अंधाराचे पैसे भरतो," ती म्हणते.

हे वाक्य घेऊनच आम्ही चौरंगीच्या बाजूने चालायला लागतो. मी समजावू बघतो. पंखा फिरवला त्याचे पैसे वेगळे, आणि पंखा कधीही फिरवता येईल म्हणून तार दाराशी उभी आहे त्याचे वेगळे. खांब, ट्रान्सफॉर्मर, लाइनमनचा पगार, केंद्रं तयार ठेवण्याचे करार. तुम्ही बटण दाबलं नाही म्हणून यातलं काही थांबत नाही. 2020च्या टाळेबंदीत कारखाने, दुकानं बंद पडली तेव्हा महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने त्यांना स्थिर आकार तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली होती. माफ नव्हे, पुढे.

"पुढे म्हणजे मागेच लागला की तो," आत्या म्हणते. "आणि सगळ्यांना सारखाच?"

इथे मी अडकतो. आपल्याकडे घरगुती सिंगल फेजला ठरलेली रक्कम: चार एसी लावणारा आणि एका बल्बवर झोपणारा शेजारी शेजारी. कोलकात्यात ती केव्हीएवर, म्हणजे मंजूर लोडवर मोजतात. आत्याच्या दोन पंख्यांना थोडी, समोरच्या एसीवाल्याला जास्त. तिला हे पटतं. "पंगतीत बसलेल्याला पानाचे पैसे, पण पान केवढं ते तरी बघायला हवं."

तेवढ्यात वायव्येचं आकाश एकदम शिसवी होतं.

"कालबैशाखी," कुणीतरी ओरडतं, आणि सगळं एस्प्लनेड धावायला लागतं. आधी धूळ येते. मागोमाग कागद, चहाचे कप, एक चप्पल. फेरीवाले ताडपत्रीची टोकं धरून तिच्यावर बसतात. आत्याची छत्री उलटी होते, मी तिला दंडाला धरून ग्रँड हॉटेलच्या कमानींखाली ओढतो, आणि पाठीमागे पाऊस कोसळतो. आपल्याकडे झड म्हणजे दिवस दिवस चालणारा संथ पाऊस. बंगाल्यांचा झोड म्हणजे हे वादळ. झोडपण्याशी त्याचं नातं असो नसो, कानाला पटतं.

कमानीखाली तीसेक माणसं दाटीवाटीने उभी आहेत. केसांना गजरा लावलेल्या दोन मुली, कोर्टाची फाईल पोटाशी धरलेला वकील, पट्टे विकणारा, उशांचे अभ्रे विकणारी बाई. पलीकडे मैदानातली झाडं एका अंगावर झुकलीत. सगळे तिकडेच बघताहेत, आणि कुणीतरी बोलणारच असतं ते वकील बोलतो: "आम्फान."

एवढा एक शब्द पुरतो. 20 मे 2020चं चक्रीवादळ. ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेलेला वारा, शहरभर मुळांसकट आडवी झालेली हजारो झाडं. झाड पडताना तारेवर पडलं, तार पडताना खांब घेऊन पडली. आणि जिथे केबल जमिनीखाली होती तिथे उपटणाऱ्या मुळांनी तीही वर ओढली. टाळेबंदीमुळे कामाला माणसं अपुरी. शेवटी झाडं कापायला लष्कराची पथकं बोलवावी लागली. काही भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, लोक रस्त्यावर उतरले.

"कारेंट नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही," आत्या बंगालीत सांगते. अभ्रेवाली मान हलवते. मग आत्या माझ्याकडे वळून मराठीत: "आणि चौदा दिवसांनी तुमचं निसर्ग."

3 जून. दुपारी. आमच्या किनाऱ्यावर. एका पंधरवड्यात दोन्ही समुद्रांनी आमची दोन्ही घरं धुऊन काढली. वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या होत्या आणि खांब त्यांच्याखाली. महिना उलटला तरी आळीत अंधार होता. मग एके दिवशी भर पावसात घाटावरून लाइनमनची टोळी आली. गाडी आत येईना म्हणून आठ जणांनी खांब खांद्यावर घेतला, पालखीसारखा, आणि चिखलातून वाडीत नेला. त्यातला एक मला म्हणाला होता, "दादा, चहा नको, सुके मोजे असले तर द्या."

हे मी आत्याला आज पहिल्यांदा सांगतो. ती गप्प राहते. मग विचारते, "त्या खांबाचे पैसे कुणी दिले?"

"काही भार सरकार आपत्ती निधीतून उचलतं. उरलेला खर्च कंपनी आयोगापुढे मांडते. मान्य झाला की पुढच्या वर्षांच्या दरात मिसळतो."

"बिलात कुठल्या ओळीत?"

"कुठल्याच नाही."

फ्लोरिडातल्या माझ्या मावसभावाच्या बिलाची गोष्ट वेगळी. 2024च्या हेलीन आणि मिल्टन चक्रीवादळांनंतर तिथल्या वीज कंपन्यांना तो खर्च वेगळा आकार लावून वसूल करायची परवानगी मिळाली. तो चिडतो, पण कशावर चिडायचं ते त्याला माहीत असतं. आपल्या बिलात इंधनाची ओळ आहे, शुल्काची आहे, वादळाची नाही. आपण ते भरतो, पण त्याचं नाव न घेता.

पाऊस आला तसा ओसरतो. वीस मिनिटांत मुसळधारेची पागोळी होते. हवेला मातीचा वास. व्हिक्टोरिया हाउसवरचा गोळा आता उजळलाय, ओल्या काळोखात अधांतरी तरंगल्यासारखा. रस्त्यावरचे दिवे पिवळे, गाड्यांचे लाल, सगळे डांबरावर उलटे पडलेत. फूटपाथ तेवढा काळा आहे.

फेरीवाल्यांच्या दिव्यांची माळ गेलीय. एका मोठ्या बॅटरीवरून निघालेली तार, तिच्यावर ओळीने दहा-बारा एलईडी. वाऱ्याने ताडपत्री उडाली ती तार तोडूनच. सतरा-अठरा वर्षांचा बॅटरीवाला पोरगा गुडघ्यांवर बसलाय, दातांत टॉर्च, दातांनीच सोललेली तार पिळतोय. आत्या पट्टेवाल्याला विचारते, भाडं किती?

"दिव्यामागे रोज दहा रुपये."

"आज विक्री झाली नाही तरी?"

"दिवा तर आणला ना त्याने," पट्टेवाला म्हणतो.

आत्या माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही.

तार जोडून होते, पण चार दिवे फुटलेत, एक जोडणी जळलीय. पोरगा उभा राहतो, बोटांवर हिशेब करतो आणि आकडा सांगतो. थोडी कुरकुर होते. अभ्रेवाली म्हणते तुझी तार, तुझा तोटा. पोरगा म्हणतो वारा माझा होता का? मग पट्टेवालाच मिटवतो: "शोबाई मिले." सगळे मिळून. ज्याचे दोन दिवे त्याने वीस, ज्याचा एक त्याने दहा, उरलेलं बॅटरीवाल्याचं. काय फुटलं, कितीला येईल, कोण किती देणार, हे सगळं भर फूटपाथवर, सगळ्यांदेखत, पाच मिनिटांत. कोपऱ्यातल्या शेंगदाणेवाल्या म्हाताऱ्याची टोपली भिजून गेलीय. त्याच्यापाशी आल्यावर पोरगा हात मागे घेतो. त्याचे दहा कुणी भरायचे यावर कुणी चर्चा करत नाही. अभ्रेवाली, मघाशी भांडणारी, स्वतःच्या विसावर एक नोट ठेवते.

माळ पेटते. काळा फूटपाथ एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा होत जातो. म्हातारा कोरडे शेंगदाणे वेगळे काढायला लागतो.

आत्या पिशवीतून पाकीट काढते. पुढे होऊन त्याच्याकडून दोन पुड्या घेते, शंभराची नोट देते आणि सुट्टे घेत नाही.

"अगं आत्या, शंभर?"

"जवळपास तुझ्या बिलाएवढेच दिले," ती म्हणते. "आता तेही भरून टाक. मोजे मागणारा तो मुलगा पुन्हा यायला हवा ना."

मी फोन काढतो. पडद्यावर पाण्याचे थेंब पडलेत, बोट दोनदा घसरतं. तिसऱ्यांदा रक्कम जाते. आत्या पुडीतला एक शेंगदाणा तोंडात टाकते, चावते, आणि तोंड वाकडं करते.

"भिजलाय," ती म्हणते आणि दुसरा घेते.