शब्दाधारित साहसखेळाची निर्मिती आणि खेळाडूंच्या प्रतिसादातून होणारे शिक्षण : मराठी भाषेच्या संदर्भात

सारांश

शब्दाधारित साहसखेळात चित्रे नसतात. संगणक प्रसंगाचे वर्णन मजकुरातून करतो, खेळाडू आपली कृती शब्दांत लिहितो आणि त्यानुसार कथा पुढे सरकते. प्रस्तुत लेखात या खेळप्रकाराची थोडक्यात पार्श्वभूमी दिली आहे. त्यानंतर देवगिरी किल्ल्यातील अंधारीवर आधारित एका छोट्या मराठी खेळाची रचना आणि उस्मानपुरा परिसरातील विद्यार्थ्यांनी तो खेळताना दिलेला प्रतिसाद यांचे विवेचन केले आहे. यंत्राला न कळलेले वाक्य ही खेळाडूची चूक नसून निर्मात्याच्या अपुऱ्या भाषाज्ञानाची नोंद असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : शब्दाधारित साहसखेळ, वाक्यविश्लेषक, सामान्यरूप, बोली, प्रतिसाद

1. प्रस्तावना

संगणकीय खेळ म्हटले की रंगीत चित्रे, आवाज आणि वेग डोळ्यांसमोर येतात. परंतु या खेळांच्या आरंभकाळात केवळ शब्दांवर चालणारा एक प्रकार फार लोकप्रिय होता. ‘तुमच्या समोर एक बंद दार आहे’ असे वाक्य पडद्यावर उमटते आणि खेळाडू ‘दार उघड’ असे लिहितो. वाचन आणि लेखन या दोन्ही क्रिया येथे खेळाच्या केंद्रस्थानी असतात. म्हणूनच भाषेच्या अध्यापकाला हा प्रकार विशेष महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत या प्रकाराची मोठी परंपरा आहे. मराठीत असा खेळ करू पाहणाऱ्याला मात्र इंग्रजीतील तयार साच्यांचा फारसा उपयोग होत नाही. ही अडचण तंत्राची कमी आणि व्याकरणाची अधिक आहे, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

2. पार्श्वभूमी

या प्रकारातील आद्य खेळ ‘ॲडव्हेंचर’ हा होय. अमेरिकेतील विल क्राउदर यांनी तो 1975-76 च्या सुमारास फोरट्रान या संगणकभाषेत लिहिला. क्राउदर हे आज्ञावलीकार होते, तसेच हौशी गुहासंशोधकही होते. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहासमूहाचा एक भाग त्यांच्या पायाखालचा होता आणि खेळातील वाटा त्यावरूनच घेतल्या होत्या. आपल्या मुलींना खेळता यावा हाही त्यांचा एक हेतू होता. 1977 मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी क्राउदर यांच्या संमतीने या खेळाचा विस्तार केला. एका खेळाडूने दिलेला प्रतिसादच येथे पुढील निर्मितीचे कारण ठरला, असे म्हणता येईल.

‘ॲडव्हेंचर’ला दोन शब्दांच्या आज्ञा कळत आणि शब्दाची पहिली 5 अक्षरेच तो तपासून पाहत असे. 1977 पासून एम.आय.टी. येथे घडत गेलेल्या ‘झॉर्क’ या खेळाला मात्र पूर्ण वाक्ये समजू लागली. त्याच्या निर्मात्यांपैकी काहींच्या पुढाकाराने 1979 मध्ये ‘इन्फोकॉम’ ही कंपनी स्थापन झाली. पुढे ग्रॅहम नेल्सन यांनी 1993 मध्ये ‘इन्फॉर्म’ ही खेळनिर्मितीची प्रणाली तयार केली. खेळाडूच्या हक्कांची एक यादीही त्यांनी मांडली. पूर्वसूचनेशिवाय मृत्यू ओढवू नये, नेमके एकच क्रियापद लिहिण्याची सक्ती असू नये, अशा अपेक्षा त्या यादीत आहेत. 2009 मध्ये ख्रिस क्लिमस यांनी ‘ट्वाइन’ हे साधन उपलब्ध केले. त्यात खेळाडू वाक्य न लिहिता दिलेल्या पर्यायांतून निवड करतो. मराठीत खेळ करण्यासाठी तो मार्ग सोपा आहे. परंतु खेळाडूने स्वतः वाक्य लिहावे यातच या खेळाचे भाषिक मोल असल्याने येथे जुना, लिहिण्याचा मार्ग स्वीकारला.

3. खेळाची रचना

क्राउदर यांना जशी गुहा लाभली, तशी छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशाला देवगिरीची अंधारी लाभली आहे. शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवर असलेला हा किल्ला यादवांची राजधानी होता. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजीने त्यावर स्वारी केली. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने आपली राजधानी येथे हलवली व स्थळाला दौलताबाद हे नाव दिले. तासलेला कडा, खोल खंदक आणि त्यानंतर खडकात खोदलेली वळणावळणाची काळोखी वाट, अशी या किल्ल्याची संरक्षणव्यवस्था आहे. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ती वाट शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. त्यामुळे वर्णन थोडक्यात करूनही प्रसंग उभा राहतो.

खेळात 7 ठिकाणे ठेवली. खंदकावरील पूल, अंधारीचे तोंड, दुभंगणारी वाट, कोनाड्याची जागा, पायऱ्या, कुलूप लावलेले दार आणि वरचा मोकळा चौक, अशी ती ठिकाणे होत. ही मांडणी काल्पनिक आहे, प्रत्यक्ष किल्ल्याचा तो नकाशा नव्हे. खेळाडूने कोनाड्यातील रॉकेलचा छोटा दिवा पेटवावा, किल्ली शोधावी आणि दार उघडून वर जावे, एवढीच कथा होती.

4. प्रतिसाद मिळविण्याची पद्धती

पहिला टप्पा संगणकाशिवाय पार पाडला. विद्यार्थी कागदावर आज्ञा लिहून देई आणि प्रस्तुत लेखक ठरलेल्या नियमांनुसार कागदावरच उत्तर देई. नियमांत न बसणारे वाक्य आल्यास ‘समजले नाही’ एवढेच लिहावयाचे, असे बंधन स्वतःवर घातले होते. ते पाळणे अवघड गेले. समोरच्याला काय म्हणायचे आहे हे माणसाला कळत असते, केवळ यादीत शब्द नाही म्हणून नकार द्यावा लागतो. यंत्र किती निष्ठुरपणे ‘नाही’ म्हणते याची जाणीव येथेच झाली.

दुसऱ्या टप्प्यात खेळ संगणकावर आणला. खेळाडूने लिहिलेली प्रत्येक ओळ आणि यंत्राने दिलेले उत्तर यांची नोंद राहील, अशी सोय केली व विद्यार्थ्यांना तशी कल्पना दिली. खेळ संपल्यावर त्यांना तोंडी मतही विचारले. या दोन प्रतिसादांत मोठी तफावत आढळली. शिक्षकाने केलेल्या गोष्टीला नावे ठेवणे आपल्याकडे संकोचाचे मानले जाते. म्हणून ‘छान आहे सर’ हे उत्तर सर्रास मिळाले. नोंदींत मात्र तोच विद्यार्थी एकाच दारापाशी वेगवेगळ्या शब्दांनी धडपडत राहिलेला दिसे. तोंडी मत सौजन्याचे असू शकते, नोंद मात्र झालेला त्रास जसाच्या तसा दाखवते.

5. प्रतिसादांतून पुढे आलेले प्रश्न

5.1 लिपी : ‘पायऱ्या चढ’ ही आज्ञा एका विद्यार्थ्याची स्वीकारली गेली, दुसऱ्याची नाकारली गेली. पडद्यावर दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या दिसत होत्या. शोध घेता असे आढळले की, युनिकोडमध्ये हे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिले जाऊ शकते. एका प्रकारात ‘ऱ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्ताचे चिन्ह आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. वाचकाला भेद दिसत नाही, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘उस्मानपुऱ्यात’ हा शब्दही याच अडचणीत सापडतो. तपासणीपूर्वी सर्व मजकूर एकाच प्रकारात आणणे, हा यावरील उपाय होय. ‘कुलूप’ आणि ‘कुलुप’ यांसारखे ऱ्हस्वदीर्घाचे भेदही याच टप्प्यावर सामावून घ्यावे लागतात.

5.2 शब्दरूप : शब्दाची पहिली काही अक्षरे तपासण्याची युक्ती मराठीत निकामी ठरते. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते आणि पुष्कळदा मूळ शब्दच बदलतो. ‘दिवा’ यादीत असूनही ‘दिव्यात तेल घाल’ हे वाक्य नाकारले गेले. ‘पाणी’ कळणाऱ्या यंत्राला ‘पाण्यात’ कळले नाही. ‘कुलूप’चे ‘कुलपाला’ आणि ‘कुलुपाला’ असे दोन्ही उच्चार ऐकू येतात. म्हणून प्रत्येक वस्तूसोबत तिचे सामान्यरूप, किंबहुना सर्व प्रचलित रूपे, नोंदवणे आवश्यक ठरले.

5.3 क्रियापद : इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येते, मराठीत ते बहुधा शेवटी येते. एवढाच फरक असता तर वाक्य शेवटाकडून वाचून काम भागले असते. परंतु मराठी क्रियापदाचा अर्थ पुष्कळदा नामावर अवलंबून असतो. ‘दिवा लाव’ म्हणजे पेटव, ‘दार लाव’ म्हणजे बंद कर आणि ‘कुलूप लाव’ म्हणजे ते अडकव. ‘कुलूप काढ’ आणि ‘चप्पल काढ’ यांतील ‘काढणे’ही एक नव्हे. आधी क्रियापदावरून कृती ठरवायची आणि मग वस्तू शोधायची, हा इंग्रजी खेळांचा क्रम येथे उलटा करावा लागला. नाम आणि क्रियापद यांची जोडी एकत्र पाहिल्याशिवाय कृती निश्चित होत नाही.

5.4 बोली : सर्वांत महत्त्वाचा धडा येथे मिळाला. ग्रामीण भागातून आलेल्या एका विद्यार्थिनीने कोनाड्यापाशी ‘चिमणी पेटव’ असे लिहिले. रॉकेलच्या छोट्या दिव्याला अनेक घरांत चिमणीच म्हणतात. यंत्राने उत्तर दिले, ‘अशी वस्तू येथे नाही.’ तिने ‘उजेड कर’ असे लिहून पाहिले. या वाक्यात वस्तूचे नाव नव्हते, त्यामुळे तेही नाकारले गेले. त्यानंतर तिने खेळ बंद केला. विचारले असता ती म्हणाली, “माझं बोलणं गावाकडचं आहे सर, मशीनला शुद्ध मराठी लागत असेल.”

तिची दोन्ही वाक्ये निर्दोष मराठी होती. उणीव प्रस्तुत लेखकाच्या शब्दयादीत होती. तरीही नकाराचा अर्थ तिने स्वतःच्या भाषेतील कमीपणा असा घेतला. घरी उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने ‘बत्ती पेटव’ असे लिहिले होते, त्याचाही अनुभव असाच होता. वर्गात शिक्षकाने बोलीतील शब्दाला नकार दिला तर त्यावर निदान चर्चा होऊ शकते. यंत्राचा नकार अंतिम वाटतो, कारण यंत्र चुकत नाही असा समज दृढ आहे. त्यामुळे यादीत कोणते शब्द घालावयाचे हा निर्णय केवळ तांत्रिक राहत नाही. कोणाची मराठी ही मराठी म्हणून मोजली जाते, हा प्रश्न त्यात दडलेला असतो.

यानंतर दोन बदल केले. दिवा, चिमणी, बत्ती ही नावे आणि लाव, पेटव, शिलगाव ही क्रियापदे एका कृतीशी जोडली, तसेच ‘उजेड कर’ सारखी वस्तूविरहित वाक्येही स्वीकारली. दुसरा बदल उत्तरातील भाषेचा होता. ‘अशी वस्तू येथे नाही’ या ठाम विधानाऐवजी ‘हा शब्द मला अजून ठाऊक नाही, दुसऱ्या शब्दांत सांगून पाहावे’ असे उत्तर ठेवले. उणीव कोणाकडे आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

5.5 संबोधन : इंग्रजीतील मध्यमपुरुषी सर्वनाम खेळाडूचे लिंग उघड करीत नाही. मराठीत ‘तू पडलास’ आणि ‘तू पडलीस’ असा भेद करावा लागतो. आरंभीच्या आवृत्तीत सर्वत्र ‘तू उभा आहेस’ अशी रचना होती. खेळातला माणूस मुलगाच का, असे विद्यार्थिनींनी विचारले. ‘तुम्ही आत आलात’, ‘तुम्ही दिवा उचलला’ अशा रचनांत हा भेद राहत नाही. म्हणून वर्णने तशी बदलली. खेळाडूंच्या बाजूनेही ‘घे’, ‘घ्या’, ‘घेतो’, ‘घेते’ अशी सर्व रूपे आली, ती सर्व स्वीकारली.

6. कोणता प्रतिसाद स्वीकारावा?

प्रत्येक सूचना अमलात आणणे म्हणजे प्रतिसादातून शिकणे नव्हे. अनेकांनी संपूर्ण वाटेचा नकाशा मागितला. तो दिला असता तर अंधारीत वाट शोधण्याचा अनुभवच संपला असता. दुसरीकडे, एका चुकीच्या वळणावर खेळाडू अचानक खंदकात कोसळे, यावर आलेली नाराजी मात्र योग्य होती. तेथे ‘डावीकडून गार वारा येतो आणि खालून पाण्याचा आवाज ऐकू येतो’ अशी सूचना घातली. यानंतरही काही जण पडले, परंतु दोष खेळाला न देता ‘आवाज आला होता, लक्ष दिले नाही’ असे म्हणू लागले.

यावरून एक कसोटी मांडता येते. कथेने निर्माण केलेली अडचण राखावी, भाषेने निर्माण केलेली अडचण दूर करावी. किल्ल्याची अंधारी शत्रू परत फिरू नये म्हणून खोदलेली होती. खेळातील अंधारी खेळाडूने पुन्हा प्रयत्न करावा म्हणून असते. अंधार वाटेत असावा, भाषेत नसावा.

7. मर्यादा

हा प्रयत्न लहान आहे. खेळाडू लेखकाचेच विद्यार्थी होते आणि एकाच शहरातील होते, त्यामुळे येथे संख्यात्मक निष्कर्ष काढलेले नाहीत. आजची मोठी भाषा-प्रारूपे बोलीतील पुष्कळ वाक्यांचा अर्थ लावू शकतात आणि त्यांची जोड अशा खेळाला देता येईल. तथापि, कोणत्या कृतीचा कथेवर काय परिणाम व्हावा हे निर्मात्यालाच ठरवावे लागेल. फसलेल्या वाक्यांच्या नोंदी वाचण्याचे काम तर कोणत्याही साधनाने टळू नये, कारण शिक्षण त्या वाचनातच घडते.

8. निष्कर्ष

1) मराठी साहसखेळासाठी इंग्रजी साच्याचे भाषांतर अपुरे पडते. सामान्यरूप, नाम-क्रियापदांची जोडी आणि लिंगभेद यांचा विचार आरंभापासून व्हावा.

2) तोंडी अभिप्रायाला खेळाच्या नोंदींची जोड असावी. आदर आणि संकोच यांमुळे जे बोलले जात नाही, ते नोंदींत दिसते.

3) यंत्राच्या नकाराची भाषा अशी असावी की, खेळाडूला आपली बोली अशुद्ध वाटू नये.

4) भाषेच्या वर्गात असा खेळ विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतल्यास समानार्थी शब्द, विभक्ती आणि बोलीभेद यांचा अभ्यास प्रत्यक्ष गरजेतून होऊ शकेल.

सुधारित खेळ त्या विद्यार्थिनीने पुन्हा खेळला. ‘चिमणी पेटव’ असे लिहिताच कोनाडा उजळला. त्यानंतर तिने स्वतःच्या गावात वापरल्या जाणाऱ्या आणखी काही शब्दांची यादी आणून दिली. त्यांतील अनेक शब्द प्रस्तुत लेखकाला ठाऊक नव्हते. ते आता खेळात समाविष्ट आहेत.