आधी तालीम, मग शस्त्रक्रिया

पोटातल्या महाधमनीची रुंदी साधारण 2 सेंटिमीटर. भिंत कमकुवत झाली की ती फुगते, आणि पुरुषांमध्ये हा फुगवटा 5.5 सेंटिमीटरवर गेला की सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. जांघेतून कापडी आवरणाची स्टेंटनळी सरकवून तो आतून बंद करता येतो. अडचण मूत्रपिंडांच्या रोहिण्यांची. फुगवटा त्यांच्याजवळ असेल, तर नळीने त्यांचीच तोंडं बुजायची! म्हणून नळीला नेमक्या जागी भोकं ठेवावी लागतात, आणि त्या जागा प्रत्येकाच्या वेगळ्या.

इथे त्रिमितीय छपाई कामी येते. सीटी स्कॅनचे पातळ काप संगणक जोडतो, प्रिंटर थरावर थर चढवत त्याच रुग्णाची महाधमनी पारदर्शक रेझिनमध्ये उतरवतो. सर्जन तिच्यात नळी उघडून भोकांच्या खुणा करतात. अमेरिकेत बफेलोच्या जेकब्स इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूतल्या फुगवट्याची अशीच लवचिक प्रतिकृती केली होती. तालमीत मूळ बेत फसला, म्हणून तो शस्त्रक्रियेआधीच बदलला. याहून मोठं समर्थन कशाला हवं?

मात्र छपाईला काही तास तरी लागतातच. धमनी फुटून आलेल्या रुग्णाकडे तेवढी उसंत नसते. तिथे आजही सीटीच्या चित्रांवरच भागवावं लागतं.